ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांसाठी ईएसआय: पैसा चांगला, ओळख कच्ची

राज्य कामगार विमा योजनेबद्दल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ईएसआयबद्दल, बोलणं बहुतेक वेळा रांग आणि औषधांच्या खिडकीपाशीच संपतं. ॲस्बेस्टॉसच्या धुळीत वर्षं काढलेल्या कामगाराने मात्र या योजनेत वेगळीच गोष्ट शोधायची असते, ती म्हणजे व्यावसायिक, म्हणजे कामामुळे झालेल्या, आजाराचा अपंगत्व लाभ. आपल्याकडे या आजारासाठी मिळू शकणाऱ्या पैशांत हा सगळ्यात भरवशाचा. एकदा मंजूर झाला की महिन्याच्या महिन्याला येतो, हयात असेपर्यंत येतो आणि नोकरी चालू असली तरी येतो. अडचण एवढीच की तो आपोआप मिळत नाही. कागदावर आजाराचं नाव 'ॲस्बेस्टॉसिस, व्यावसायिक' असं पडावं लागतं (ॲस्बेस्टॉसिस म्हणजे या धुळीने फुप्फुस घट्ट होत जाण्याचा आजार), आणि ते पडावं यासाठी धडपड रुग्णालाच करावी लागते.

गुण द्यायचे झाले तर पैशाला पैकीच्या पैकी नसले तरी जवळपास. उपचाराला बरे. आजार ओळखण्याला काठावर पास, तेही रुग्ण तयारीने गेला तर.

एक गोष्ट आधी. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आणि 1948 चा ईएसआय कायदा, तसाच 1923 चा कामगार भरपाई कायदा तिच्यात गेला. योजनेची मूळ रचना तीच राहिली आहे, कलमांचे आकडे आणि अर्जाचे नमुने तेवढे बदलतात. त्यामुळे खाली ठरलेली पद्धत सांगितली आहे. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा ते शाखा कार्यालयात त्या दिवशी विचारून घ्या, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

कोणी इकडे वळावं

सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात पोती फोडणारे, ब्रेक लायनिंग आणि गॅस्केट घासणारे, गिरण्यांच्या आणि औष्णिक वीज केंद्रांच्या बॉयलरवरचं लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) खरवडणारे, जुने रेल्वे डबे उघडणारे, मुंबईच्या दारूखाना भागात किंवा गुजरातेत अलंगला जहाजं तोडणारे. यात फिटर, वेल्डर आणि सफाई कामगारही धरा. धूळ उडवणाऱ्याइतकीच ती झाडणाऱ्याच्या छातीत जाते. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण पांढरा ॲस्बेस्टॉस अजून आयात होतो आणि पत्र्यांत जातो. म्हणजे हा फक्त म्हाताऱ्या गिरणी कामगारांचा विषय नाही.

धुळीशी पहिला संबंध आल्यापासून ॲस्बेस्टॉसिस दिसायला साधारण 10 ते 20 वर्षं किंवा जास्त लागतात. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, बहुधा 30 ते 40 वर्षांनी येतो. म्हणून आज छातीत काही नाही याचा अर्थ सुटलो असा नाही, आणि काम सोडून 15 वर्षं झाली म्हणून हक्क संपला असंही नाही. धूळ लागून 10 वर्षं उलटली असतील तर त्रास नसतानाही दर 3 ते 5 वर्षांनी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची चाचणी करावी, असं अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचं 2004 चं मार्गदर्शन आहे. ते आपल्याकडेही वापरायला हरकत नाही.

विडी-सिगारेटचा मुद्दा इथेच उरकतो. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराच्या जवळ जातो. मेसोथेलिओमाशी मात्र धूम्रपानाचा संबंध नाही. केसपेपरवर 'धूम्रपान करतो' एवढंच लिहून मेसोथेलिओमाचा विषय कोणी मिटवत असेल तर ते वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

दवाखान्याची बाजू

महाराष्ट्रात ईएसआयच्या दोन खिडक्या आहेत हे पक्कं ध्यानात ठेवा. दवाखाने आणि बहुतेक रुग्णालयं राज्याच्या कामगार विमा सोसायटीकडे, पैसे मात्र ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयाकडे. डॉक्टरने निदान केलं म्हणून शाखेला ते आपोआप कळेल असं धरून चालू नका. दोन्हीकडचे कागद जुळवणं रुग्णाच्याच अंगावर येतं आणि सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच.

खोकला आणि दम घेऊन साठीतला माणूस आला की डॉक्टरच्या मनात आधी टीबी येतो, मग दमा, मग विडी. आपल्याकडे टीबीची शंका रास्तच आहे, थुंकीची सीबीनॅट चाचणी करून घ्यावीच. पण थुंकी निगेटिव्ह आहे, ताप नाही, वजन टिकून आहे आणि एक्स-रेमध्ये सावली दोन्ही बाजूंना तळाशी आहे, अशा वेळी 'कोर्स करून बघू' म्हणून टीबीची औषधं सुरू झाली तर सहा महिने जातात. वर केसपेपरवर टीबी हा शब्द कायमचा चिकटतो, आणि पुढे लाभ ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर फुप्फुसातल्या फायब्रोसिसचं (व्रणासारख्या घट्टपणाचं) खापर त्याच्यावर फोडता येतं. टीबीचं फायब्रोसिस सहसा वरच्या भागात असतं, ॲस्बेस्टॉसिसचं तळापासून सुरू होतं. हा फरक रेडिओलॉजिस्टने अहवालात लिहिलेला असावा.

डॉक्टरकडे जाताना एक पानाचा कामाचा इतिहास न्या. तोंडी सांगितलेलं केसपेपरवर 'कारखान्यात कामाला' एवढंच उतरतं. कागदावर मात्र अशी ओळ हवी: '1988 ते 1996, बॉयलर खातं, स्टीम पाइपावरचं जुनं लॅगिंग कोरडं खरवडणे, आठवड्यातून चार दिवस, बंद खोली, मास्क नाही, तोंडाला रुमाल.' खातं, वर्षं, नेमकं काम, कोरडं की ओलं, जागा उघडी की बंद, संरक्षण काय होतं, या सहा गोष्टी प्रत्येक नोकरीसाठी लिहा. डॉक्टरला हे पान केसपेपरला जोडायला सांगा आणि 'ॲस्बेस्टॉसशी व्यावसायिक संबंध' असे शब्द त्याच्या हस्ताक्षरात त्याच दिवशी मागा.

तपासण्यांचं म्हणाल तर त्या सगळ्या ईएसआयमधून मिळू शकतात. काही मोठ्या रुग्णालयात, काही करार असलेल्या बाहेरच्या केंद्रात, पण रेफर चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर काय लिहिलंय यावर अर्धं काम ठरतं.

छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या वर्गीकरणाप्रमाणे वाचून मागा. त्यात लहान सावल्यांची दाटी 0/- पासून 3/+ पर्यंत बारा पायऱ्यांवर मोजतात. ॲस्बेस्टॉसिसमध्ये सावल्या वेड्यावाकड्या असतात, त्यांना एस, टी, यू ही अक्षरं आहेत, आणि 1/0 किंवा वर असेल तर शंका बळावते. 'लोअर झोन हेझी' (तळाशी धूसर) एवढाच अहवाल बोर्डासमोर काहीच सांगत नाही.

साधा एक्स-रे सुरुवातीचा आजार हुकवतो, म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन. तिच्या चिठ्ठीवर 'ॲस्बेस्टॉसशी संबंध, पातळ छेद, पाठीवर आणि पोटावर झोपवून' असं स्पष्ट हवं. पोटावर झोपवण्याचं कारण साधं आहे. पाठीवर झोपलं की फुप्फुसाचा मागचा-तळाचा भाग स्वतःच्या वजनाने दाबला जातो आणि निरोगी माणसातही तिथे सावली दिसते. पोटावर झोपल्यावर ती गेली तर ती आजाराची नव्हती. ॲस्बेस्टॉसिस नेमका त्याच जागी सुरू होत असल्याने ही एक पायरी गाळली की अहवाल संशयास्पद राहतो. दुसरी चूक म्हणजे रेडिओलॉजिस्टला धुळीचं कोणी सांगतच नाही. मग चित्र हुबेहूब कारण माहीत नसलेल्या फायब्रोसिससारखं दिसतं आणि तसंच लिहिलं जातं. वेगळेपण दाखवतात ते प्लाक, फुप्फुसाच्या आवरणावरचे जाड, बरेचदा चुना साठलेले चट्टे. ते आहेत की नाहीत याचा उल्लेख अहवालात असलाच पाहिजे. नसेल तर अहवाल परत करून पुरवणी मागा. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी घ्या.

स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणं, हा सगळ्यात सहज मिळणारा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा तपास. टक्केवारीचा पैसा पुढे याच कागदावर ठरतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. प्रिंटवर किमान तीन मान्य फुंका असाव्यात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींपासून 150 मिलिलिटरच्या आत असाव्यात. उंची बूट काढून मोजलेली हवी. पाच सेंटीमीटर चुकली तरी 'अपेक्षित' आकडा हलतो आणि टक्केवारी फिरते. फुंक अर्धवट सोडली की एफव्हीसी, म्हणजे एका जोराच्या फुंकेत बाहेर पडलेली एकूण हवा, खोटी कमी दिसते. मग बोर्डातला छातीचा डॉक्टर आलेखाकडे बघून 'सहकार्य नाही' असा शेरा मारतो आणि सगळा अर्ज संशयात येतो. ॲस्बेस्टॉसिसचा नमुना असा: एफव्हीसी कमी, पण एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर नॉर्मल किंवा जास्त. फक्त गुणोत्तर कमी असेल तर ती श्वासनलिकांची, विडीची किंवा दम्याची गोष्ट. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि तेव्हा स्पायरोमेट्री एकटी पुरत नाही.

म्हणून डीएलसीओ. फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते ही चाचणी मोजते, आणि एफव्हीसी ठीक असतानाही ती आधी घसरलेली सापडू शकते. ती फक्त मोठ्या रुग्णालयांत होते, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्या दिवशी विडी ओढायची नाही आणि हिमोग्लोबिनचा ताजा आकडा सोबत न्यायचा. रक्त कमी असेल तर निकाल उगाच खाली येतो, तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. सोबत सहा मिनिटं चालण्याची चाचणी मागा. बसून ऑक्सिजन 96 आणि चालल्यावर 86 हा फरक काम करण्याची क्षमता कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

स्टेथोस्कोपने तळाशी श्वास घेण्याच्या शेवटी वेल्क्रो उघडल्यासारखा बारीक करकर आवाज येतो, तो केसपेपरवर लिहिला गेला की नाही बघा. मेसोथेलिओमा शोधण्यासाठी रक्तातल्या ट्यूमर मार्करची पॅकेजेस बाजारात विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चाळणी म्हणून त्यांचा उपयोग सिद्ध नाही. इतिहास आणि एचआरसीटी स्पष्ट असेल तर ॲस्बेस्टॉसिससाठी फुप्फुसाचा तुकडा काढायचीही सहसा गरज नसते.

फायब्रोसिस मागे फिरवणारं औषध नाही. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी, श्वसनाचे व्यायाम, लागला तर ऑक्सिजन, आणि धुळीपासून कायमचं दूर, एवढा उपचार. ईएसआयमधून तो मिळतो, त्याबद्दल तक्रारीला फार जागा नाही.

छातीत एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पाणी भरत असेल तर मात्र घाई करा. काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून मेसोथेलिओमा नाही असं ठरत नाही. थोरॅकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून) आवरणाचा तुकडा घेऊन त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, करावी लागते. मोठ्या कर्करोग रुग्णालयाकडे रेफर चिठ्ठी मागा. या निदानानंतर आयुष्य अनेकदा वर्ष-दीड वर्षाचंच उरतं, म्हणून पैशाचा अर्ज बायोप्सीचा अहवाल हातात पडला त्याच आठवड्यात करा. उपचार संपल्यावर बघू म्हटलं तर बोर्डापुढे हजर राहण्याची ताकदच उरत नाही.

रजेच्या खिडकीतला सापळा

या सेवेत सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं ते इथे. निदान 'इंटरस्टिशियल लंग डिसीज' (फुप्फुस घट्ट करणाऱ्या आजारांचं ढोबळ नाव) असं लिहिलं गेलं की विस्तारित आजार लाभ मिळतो, कारण हा आजार दीर्घ आजारांच्या 34 नावांच्या यादीत आहे. पगाराच्या 80 टक्के रक्कम, जास्तीत जास्त दोन वर्षं. ऐकायला उत्तम. दोन वर्षं संपली की खिडकी बंद.

तोच आजार ॲस्बेस्टॉसिस म्हणून नोंदला तर ती रोजगारातली इजा ठरते. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या 90 टक्के, आणि कायमच्या अपंगत्वात टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर. या लाभाला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, साध्या आजाराच्या लाभाला आहे. ॲस्बेस्टॉसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, हे तिन्ही 1948 च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नावानिशी आहेत. तेव्हा घर चालवण्यासाठी आजारपणाची रजा जरूर घ्या, पण त्याच दिवशी शाखा कार्यालयात व्यावसायिक आजाराचा लेखी दावा देऊन पोच घ्या. लाभ देय झाल्यापासून 12 महिन्यांत दावा केला नाही तर पुढे विमा न्यायालयात उशिराचं कारण सिद्ध करत बसावं लागतं.

डॉक्टरला आणखी एक आठवण करून द्यावी लागते. अधिसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, आजाराचा रुग्ण दिसला की मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवणं हे डॉक्टरवर बंधनकारक आहे. कारखाने अधिनियमाचं कलम 89 तेच सांगत होतं (न कळवल्यास 1,000 रुपयांपर्यंत दंड, एवढ्या दंडाला कोण भितो म्हणा), आता व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम 12 आहे. महाराष्ट्रात हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातं. त्याची एक प्रत तुमच्या फायलीत असली की 'हा आजार आत्ता पैशासाठी आठवला' असं कोणी म्हणू शकत नाही.

मेडिकल बोर्ड

व्यावसायिक आजार आहे की नाही हे विशेष मेडिकल बोर्ड ठरवतं. ईएसआयची व्यावसायिक आजार केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि इंदूरला आहेत, आणि अशा रुग्णाने स्थानिक दवाखान्यातून थेट त्या केंद्राची चिठ्ठी मागावी. तिथल्या डॉक्टरांना धुळीचे आजार नवे नसतात.

बोर्डासमोर दोन प्रश्न असतात: या नोकरीने हा आजार झाला का, आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली. पहिल्याचं उत्तर कागद देतात. विमा क्रमांक, पीएफची पासबुकं (आस्थापनेचं नाव आणि वर्षं तिथेच सापडतात), नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, गेटपास, सहकाऱ्यांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं. कारखाना बंद पडला असेल तर संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात तपासणीचे अहवाल आणि धुळीच्या मोजणीच्या नोंदी मागा. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 ला कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात स्पष्ट आदेश दिला आहे: प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवायची. मालकाला पत्र लिहून ती नोंद मागा. 'नोंद नाही' असं उत्तर आलं तर तेही फायलीत लावा, बोर्डापुढे ते तुमच्याच बाजूने बोलतं.

दुसऱ्या प्रश्नाचं तयार कोष्टक नाही. बोट तुटलं तर किती टक्के हे परिशिष्टात छापलेलं आहे, फुप्फुस किती गेलं हे नाही. म्हणून वरचे स्पायरोमेट्री, डीएलसीओ आणि चालण्याचे आकडे. नुसते प्लाक असतील आणि क्षमता शाबूत असेल तर टक्क्यांची फार आशा ठेवू नका, मात्र तो अहवाल जपा, उद्याच्या दाव्याचा पाया तोच आहे.

आता नियमातली एक बारीक पण महत्त्वाची खाच. बोर्डाचं मूल्यमापन तात्पुरतं किंवा अंतिम असतं. काम सोडल्यावरही ॲस्बेस्टॉसिस वाढू शकतो. तात्पुरतं मूल्यमापन सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घेता येतं. अंतिम शिक्का बसला की आजार वाढला म्हणून फेरतपासणी मागायला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, अपील न्यायाधिकरणाने आधी परवानगी दिली तरच अपवाद. वाढत्या आजारात अंतिम शिक्क्याची घाई कशाला? बोर्डासमोर लेखी विनंती करा की मूल्यमापन तात्पुरतं ठेवावं. टक्केवारी पटली नाही तर तीन महिन्यांत मेडिकल अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, किंवा सरळ विमा न्यायालयात.

हिशेब

दिवसाची सरासरी मजुरी 600 रुपये धरली तर पूर्ण दर तिच्या 90 टक्के, म्हणजे 540. बोर्डाने 30 टक्के दिले तर दिवसाला 162, म्हणजे 30 दिवसांच्या महिन्याला 4,860 रुपये. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण पन्नाशीतल्या माणसाला ती वीस-पंचवीस वर्षं मिळू शकते आणि महागाईप्रमाणे अधूनमधून वाढवलीही जाते. मृत्यू या आजाराने झाला तर अवलंबितांना पूर्ण दराची रक्कम वाटून मिळते: पत्नीला तीन-पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन-पंचमांश, बेरीज वर गेली तर प्रमाणात कमी. अंत्यविधीचे 15,000 वेगळे. यासाठी मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर मूळ कारण ॲस्बेस्टॉसिस किंवा मेसोथेलिओमा लिहिलेलं हवं. 'हृदयक्रिया बंद पडून' एवढ्यावर अवलंबितांचा दावा अडतो. दाखला लिहिला जाण्याआधी जुनी फाइल त्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

तुलनेसाठी दुसरा रस्ता. ईएसआय लागू नसेल, म्हणजे दहापेक्षा कमी माणसांचं युनिट किंवा पगार 21,000 च्या वर, तर 1923 च्या कायद्याची एकरकमी भरपाई. हिशेब असा: पगाराचे 60 टक्के (पगार 15,000 पर्यंतच धरतात), गुणिले वयाचा गुणांक. वय 55 ला गुणांक 135.56, म्हणून 9,000 गुणिले 135.56 म्हणजे 12,20,040. क्षमता 40 टक्के गेली असेल तर 4,88,016 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदार पळाला तर मूळ मालक जबाबदार. पण या कायद्यातली दोन वर्षांची मुदत जीवघेणी आहे. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसली तर काय, हे कायदा सांगतो. वीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला ती भाषा शिवलेलीच नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाई आयुक्तांना आहे, म्हणून निदानाच्या तारखेचा कागद आणि त्याच दिवसांत मालकाला दिलेली रजिस्टर्ड नोटीस, यांवर सगळं उभं राहतं. ईएसआयचा विमाधारक असाल तर हा रस्ता बंद, दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. आमच्या मते ज्याला निवड नाही त्यानेच इकडे यावं, महिन्याचा लाभ एकरकमीपेक्षा सुरक्षित.

दोन्हींच्या बाहेरचे पैसे विसरले जातात. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पीएफच्या 1995 च्या पेन्शन योजनेत अपंगत्व पेन्शन आहे, एक महिन्याची वर्गणी भरली असली तरी. अपंगत्व किंवा मृत्यूमुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. खासगी आरोग्य विमा घ्यायचा असेल तर प्रस्तावात धुळीचा इतिहास लपवू नका, पहिल्या मोठ्या बिलालाच तो बाहेर येतो आणि दावा नाकारला जातो.

घरी कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हाच आजार होतो, मेसोथेलिओमा तर विशेष. पण विमाधारकाची कुटुंबीय म्हणून तिला ईएसआयमधून उपचार मिळतात, अपंगत्व लाभ नाही, कारण तिची इजा रोजगारातली धरली जात नाही. ही योजनेतली उघडी फट आहे. तिच्या केसपेपरवरही नवऱ्याच्या खात्याचा आणि वर्षांचा उल्लेख करून घ्या. ईएसआय सुटली असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, कर्करोगाचे धरून.

आणि निवृत्तांसाठी: निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षं विमाधारक असाल तर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू राहतात. हे 120 रुपये दर वर्षी मुदत संपण्याआधी भरून पावती फायलीत लावा. खंड पडला की रेफर चिठ्ठी थांबते, आणि ती नेमकी एचआरसीटीच्या तारखेला हवी असते.